अस्सल बरहुकूम नक्कल

लखनौच्या बड्या इमामबाड्यावरून जुन्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो प्रचंड दरवाजा उभा आहे, आणि ज्याच्या कमानीवर कमळाच्या पाकळ्यांसारख्या चुन्याच्या शिल्पांची ओळ अर्धवर्तुळाकार पसरलेली आहे, त्यास रूमी दरवाजा म्हणतात. 1784 च्या दुष्काळात नबाब आसफउद्दौल्याने भुकेल्या रयतेस काम मिळावे म्हणून इमामबाड्याचे जे बांधकाम काढले, त्याच प्रकरणातील हे काम होय. आपल्या बखरींतून ‘रूमशाम’ हा शब्द ज्यांनी वाचला आहे त्यांस ‘रूम’ म्हणजे तुर्कांची इस्तंबूल नगरी व तिच्या अमलाखालचा मुलूख हे सांगावयास नको. आणि हा दरवाजा त्या नगरीतील सुलतानाच्या ‘बाब-ए-आली’ या द्वाराची प्रतिकृती आहे असे येथील टांगेवाल्यापासून सरकारी पुस्तिकेपर्यंत सर्वांचे एकमुखी सांगणे आहे. मौज अशी की इस्तंबुलात आज ‘बाब-ए-आली’ म्हणून दाखविले जाणारे द्वार एकोणिसाव्या शतकातील आहे, आणि लखनौच्या दरवाजाशी त्याचे रूप काडीइतकेही जुळत नाही. म्हणजे या व्यवहारात नक्कल अस्सलाहून वयाने वडील आहे, आणि दोहोंचा चेहरा निराळा आहे. तरी नाव मात्र कोणी बदलले नाही, व बदलावे असे कोणास वाटलेही नाही.

पेशवाईच्या दफ्तरांत मूळ कागदावरून उतरून घेतलेल्या प्रतीस कारकून मंडळी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा देत असत. अस्सलाच्या हुकमाप्रमाणे उतरलेली ती नक्कल, आणि म्हणून अस्सलाइतकीच ग्राह्य. लखनौ हे असल्या शेऱ्यांचेच शहर आहे असे मला येथे राहावयास आल्यावर हळूहळू उमगत गेले. गोमतीच्या काठी शाह नजफ इमामबाडा आहे. तो इराकातील नजफ येथील हजरत अलींच्या समाधीची आठवण म्हणून अवधचा पहिला बादशहा गाजीउद्दीन हैदर याने बांधविला आणि त्यातच तो चिरविश्रांती घेत आहे. तालकटोऱ्यास करबला आहे. बगदादनजीकच्या काझमैनच्या दर्ग्याची प्रतिमा काझमैन याच नावाने उभी आहे. अरबस्तानात व इराकात जाऊन ज्या स्थळांचे दर्शन घ्यावयाचे, ती सगळी स्थळे कोसा-दीड कोसाच्या परिघात आणून बसविण्याची ही हौस केवळ हौस नव्हती. ज्या राजघराण्याचा मूळ पुरुष इराणातील निशापूरहून आला, 1722 साली दिल्लीच्या बादशहाकडून अवधच्या सुभेदारीची सनद घेऊन बसला, आणि ज्याच्या वंशजाने 1819 साली इंग्रजांच्या फुसलावणीने त्याच दिल्लीपासून फारकत घेऊन स्वतःस बादशहा म्हणविले, त्या घराण्यास आपण कोण आहोत हे दिल्लीस, कलकत्त्यास आणि आपल्याच रयतेस दगडा-विटांच्या भाषेत सांगावयाचे होते.

मोहरमाच्या दिवसांत ही प्रतिकृतींची परंपरा कागद, बांबू व मेण यांतून घरोघरी उतरते. लखनौकर ज्यास ‘ताजिया’ म्हणतात, त्यास आपण महाराष्ट्रात ‘ताबूत’ म्हणतो. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंचच उंच ताबूत व त्यांच्या भेटी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस या वस्तूचा आणि तिच्याभोवती जमणाऱ्या सर्व जातिधर्मांच्या लोकांचा परिचय आहेच. परंतु हाच ‘ताजिया’ शब्द इराणात गेला की त्याचा अर्थ पालटतो. तेथे ताजिया म्हणजे वस्तू नसून नाटक: करबलेच्या रणातील इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा, हिरव्या व तांबड्या वेषांतील पात्रांनी चौकात सादर केलेला खेळ. एका देशाने दुःखाची इमारत केली, दुसऱ्याने त्याचे नाट्य केले. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात रेझाशहाने आधुनिकतेच्या नावाखाली या नाट्यावर बंदी घातली. आणि त्याच सुमारास त्या देशाच्या भाषेत पडद्यावरच्या नाट्याने बोलावयास आरंभ केला. हा योगायोग मला फार बोलका वाटतो, आणि या संग्रहातील लेखांचा उगम शोधू गेल्यास तो येथेच कोठे तरी सापडेल.

इराणी, अरबी, तुर्की आणि इस्रायली चित्रपटांविषयी एका मराठी माणसाने, तेही लखनौस बसून, लिहावे याचे कोणास नवल वाटेल. लखनौस मराठी माणूस नवा नाही. विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 साली येथे मॅरिस कॉलेज ही संगीतशाळा काढली, आणि वाजिदअली शहाच्या कैसरबागेतील ज्या परीखान्यात एके काळी त्याच्या ‘पऱ्या’ नृत्यगायन शिकत, तेथेच ती संस्था पुढे नांदू लागली. तेव्हा परक्याच्या घरातील दप्तर नीट लावून देण्याचा आमचा शिरस्ता जुना आहे. पण माझे खरे समर्थन निराळे आहे. ज्या चार संस्कृतींचा येथे विचार केला आहे त्यांतील चित्रपटांकडे पाहताना मला वारंवार असे दिसून आले की एखादा समाज स्वतःची ओळख पडद्यावर रंगवू लागतो तेव्हा ती रंगविणारा हात पुष्कळदा दूर कोठे तरी असतो. कधी निर्वासनात, कधी तुरुंगात, कधी केवळ परक्या बाजारपेठेत. राज्यकर्त्यांस मात्र नकलेवर अस्सलाचा शिक्का हवा असतो, आणि तो मारण्याचा हक्क आपल्या हाती असावा असा त्यांचा हट्ट असतो. हे राजकारण तेहरानात किंवा कैरोत जाऊन शिकण्याची मला गरज पडली नाही. लखनौत ते रस्त्यावर पाहावयास मिळते.

1856 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिदअली शहा कलकत्त्याच्या मटियाबुर्जात जाऊन राहिला. तेथे हुगळीच्या काठी त्याने काय केले? तर दुसरे लखनौ वसविले. इमामबाडा, कबुतरे, पतंग, गवई, स्वयंपाकी, मोहरमची मिरवणूक, सर्व काही त्याच्यासह गेले. आणि 1887 साली तो वारल्यावर ते सर्व पाण्यावरील नक्षीसारखे विरून गेले. लखनौच्या गतवैभवाचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन ज्याने लिहिले, त्या अब्दुल हलीम शररचे बालपण या दुसऱ्या लखनौतच गेले होते. म्हणजे अस्सलाच्या वर्णनामागेही नकलेची स्मृती उभी आहे. आणि 1977 साली सत्यजित राय यांनी ‘शतरंज के खिलाडी’ काढला तेव्हा त्यांनीही वाजिदअलीचा दरबार उभारला तो कलकत्त्याच्याच स्टुडिओत. नजफची नक्कल लखनौस, लखनौची मटियाबुर्जास, आणि मटियाबुर्जापासून काही मैलांवर लाकूड व प्लास्टरची तिसरी नक्कल: असा हा प्रवास आहे.

प्रेमचंदांची मूळ कथा 1924 ची. तिच्यात राज्य बुडत असताना बुद्धिबळ खेळत बसणारे दोन जहागीरदार शेवटी प्याद्या-वजिराच्या भांडणावरून एकमेकांस तलवारीने मारून टाकतात, आणि त्या ऐषआरामी संस्कृतीवर लेखकाचा कोप स्पष्ट उतरतो. स्वातंत्र्याच्या लढ्यात गुंतलेल्या लेखकास तो कोप शोभणारा होता. राय यांनी तो शेवट घेतला नाही. त्यांचे मिर्झा आणि मीर जिवंत राहतात, डाव पुन्हा मांडतात, आणि आता इंग्रजी पद्धतीने खेळतात, जीत वजीर राणी होतो. शिवाय वाजिदअलीस त्यांनी नुसता विलासी मूर्ख म्हणून न दाखविता, राज्य करण्यास अपात्र पण गाण्यानाचण्यात खरा पंडित असा माणूस म्हणून उभा केला, आणि ती भूमिका अमजदखान यांस दिली, ज्यांस दोनच वर्षांपूर्वी सर्व देशाने दरोडेखोर म्हणून पाहिले होते. मला राय यांचा शेवट अधिक कठोर वाटतो. मरणाने माणूस सुटतो. नियम बदलून तोच डाव खेळत राहणे यापासून सुटका नाही.

आता याच 1977 सालची दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्षी शिया-सुन्नी दंगलींमुळे लखनौतील मोहरमच्या मिरवणुकांवर सरकारने बंदी घातली, आणि ती थेट 1998 पर्यंत टिकली. या तंट्याचे मूळ जुने. 1939 साली तबर्रा, म्हणजे पहिल्या खलिफांचा जाहीर धिक्कार, या प्रकरणात हजारो शियांनी स्वतःस अटक करवून घेतली होती. म्हणजे ज्या वर्षी पडद्यावर लखनौच्या तहजीबीचा अत्यंत संयमी, सुंदर आणि उदास असा चित्रपट अवतरला, त्याच वर्षी प्रत्यक्ष लखनौत दोन पंथांच्या माणसांस एका रस्त्यावरून चालू देण्याची छाती सरकारास झाली नाही. पडद्यावरील लखनौस पंथ नसतो, हे माझ्या लक्षात आले ते या जोडीवरून. तेथे मुसलमान असतात, आदाब असतो, परंतु ज्या वादाने या शहराची गल्ली न् गल्ली वाटून घेतली आहे त्याचा मागमूस नसतो.

मुंबईच्या चित्रपटधंद्याने ‘मुस्लिम सोशल’ या नावाचा जो प्रकार घडविला त्यात लखनौ हे स्थळ कमी आणि वेष अधिक आहे. 1960 च्या ‘चौदहवी का चाँद’मध्ये सगळे कथानक बुरख्यामुळे झालेल्या गफलतीवर उभे आहे, ओळख पटत नाही म्हणून दुःख आणि ओळख पटली म्हणूनही दुःख. 1981 च्या ‘उमराव जान’ने मात्र या प्रकारास एकदम निराळी प्रतिष्ठा दिली, कारण मुजफ्फर अली हे स्वतः अवधातील कोटवाऱ्याच्या घराण्यातले, आणि मिर्झा हादी रुसवांच्या 1899 च्या कादंबरीतील कोठा त्यांनी ऐकीव माहितीवरून नव्हे तर घरातील जुन्या पेटीतले वस्त्र उलगडावे तसा उलगडला. तरीही त्या लखनौचा कंठ सांगलीचा होता हे विसरून चालणार नाही: आशा भोसले यांनी खय्याम यांच्या आग्रहाने आपली पट्टी खाली आणून त्या गझला गायिल्या आणि राष्ट्रीय पारितोषिक मिळविले. त्यांच्या वडील बहिणीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. लताबाई नवोदित असताना दिलीपकुमार यांनी, मराठी मंडळींच्या उर्दूस वरणभाताचा वास येतो अशा अर्थाचे काही म्हटले, आणि ते मनास लावून घेऊन त्यांनी मौलवीकडून उर्दूची शिकवणी घेतली, असे त्या स्वतः सांगत असत. पुढे तीच वाणी फाळणीनंतरच्या हिंदुस्थानात शुद्ध उर्दू उच्चाराचा नमुना म्हणून घरोघर ऐकली गेली. नक्कल अस्सलाची पंतोजी झाली ती अशी.

मुजफ्फर अलींचेच दुसरे दोन चित्रपट लखनौच्या नकलेस छेद देतात, म्हणून त्यांचा उल्लेख येथे हवा. 1978 च्या ‘गमन’मध्ये अवधचा तरुण मुंबईस येऊन टॅक्सी चालवितो, आणि ‘अंजुमन’मध्ये चिकनकामाच्या बायका दलालाच्या हिशेबाविरुद्ध उभ्या राहतात. गराऱ्यावरील ती नाजूक नक्षी कोणाच्या डोळ्यांच्या किंमतीवर उमटते हा प्रश्न बाकीच्या लखनवी चित्रपटांस कधी पडलाच नाही.

लखनौचे ऋण मात्र आपल्या रंगभूमीवर थेट आहे. वाजिदअलीने स्वतः राधा-कन्हैयाच्या कथेवर नाट्य रचले, निशापुरी वंशाच्या शिया बादशहाने व्रजातील गवळणींचा रास आपल्या वाड्यात आणला. आणि त्याच काळात, 1853 च्या सुमारास, लखनौच्या अमानत या कवीने ‘इंदरसभा’ लिहिली. त्या नाटकात इंद्राच्या दरबारातील अप्सरांस पऱ्या म्हटले आहे, आणि देव हा शब्द फारसी अर्थाने, म्हणजे राक्षस या अर्थाने, येतो. पारशी मंडळींनी हा खेळ गावोगाव केला, आणि पुण्यास तो पाहूनच अण्णासाहेब किर्लोस्करांस मराठीत संगीत नाटक करण्याची स्फूर्ती झाली व 1880 साली ‘शाकुंतल’ उभे राहिले, असे सांगतात. पुढे 1932 साली मादन कंपनीने ‘इंद्रसभा’ बोलपटात आणली ती सत्तरच्या आसपास गाण्यांसह. आपल्याकडील चित्रपट गाण्यावाचून का चालत नाही असा प्रश्न परदेशी समीक्षक विचारतात. त्याचे उत्तर कैसरबागेत पुरलेले आहे.

आणि येथे एक पुणेकर कथेत प्रवेश करतो. अर्देशीर इराणी यांचा जन्म पुण्यास 1886 साली झाला. 1931 च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात त्यांनी ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट दाखविला; तो ज्या नाटकावरून घेतला ते जोसेफ डेव्हिड पेणकर या बेने इस्रायली नाटककाराचे होते. इराणी झरतुष्ट्री कुळातील निर्माता, पेण हे गावाचे नाव आडनावात वागविणारा यहुदी लेखक, आणि भाषा हिंदुस्थानी: असा हा आरंभ. दोनच वर्षांनी, 1933 साली, याच इराण्यांच्या इंपीरियल कंपनीत अब्दुलहुसेन सेपंता या इराणी तरुणाच्या साहाय्याने ‘दुख्तर-ए-लोर’ निघाला. फारसी भाषेतील हा पहिला बोलपट होय, आणि तो इराणात नव्हे तर मुंबईत तयार झाला. त्याचे पर्यायी नाव ‘कालचे इराण आणि आजचे इराण’ या अर्थाचे होते. नायक-नायिका दरोडेखोरांच्या त्रासास कंटाळून मुंबईस पळून येतात, आणि रेझाशहाच्या अमलात देश सुधारला असे वर्तमान कळल्यावर मायदेशी परततात. राजकारण, अस्मिता आणि करमणूक यांची ही पहिलीच गाठ, आणि ती बांधली गेली समुद्राच्या अलीकडे.

त्यातील नायिकेचे काम करणाऱ्या रुहंगीज सामीनेजाद यांची कहाणी मात्र सुखाची नाही. त्यांच्या बोलण्यात किरमाण प्रांताची लकब असल्याने संवाद त्या मानाने बदलावे लागले. आणि चित्रपट इराणात गाजला तरी पडद्यावर येणारी स्त्री म्हणून त्यांच्या वाट्यास निंदा व छळच आला. सेपंता पुढे इराणात परतले. तेथे त्यांस एकही चित्रपट काढता आला नाही. परदेशी राहून मायदेशाचे चित्र रंगविणाऱ्यास मायदेशी रंग मिळू नयेत, हे पुढील अनेक चरित्रांत पुन्हा आढळेल. एकीकडे वरणभाताचा वास, दुसरीकडे किरमाणची लकब: पडद्यावर चेहरा कोणाचाही चालतो, जिभेस मात्र दाखला मागितला जातो.

इराणच्या चित्रपटाचे भवितव्य ज्या माणसाच्या शब्दाने ठरले त्याचेही एक मूळ लखनौच्या शेजारी आहे. बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर या कसब्यातून 1830 च्या सुमारास सय्यद अहमद मूसवी नावाचा एक शिया विद्वान नजफच्या वाटेने निघाला व पुढे इराणातील खुमैन गावी स्थायिक झाला; लोक त्यास ‘हिंदी’ म्हणत. आयातुल्ला खोमेनी हे त्याचे नातू. त्या काळी अवधच्या खजिन्याशी नजफ-करबलेचा संबंध केवळ भक्तीचा नव्हता; गाजीउद्दीन हैदरने 1825 साली कंपनी सरकारास दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जाच्या व्याजातून पुढे दशकानुदशके तेथील मुज्तहिदांस, म्हणजे शिया धर्मशास्त्र्यांस, पैसा जात राहिला. 1978 च्या जानेवारीत तेहरानच्या एका वृत्तपत्राने शहाच्या सरकारच्या प्रेरणेने खोमेनींवर जो निंदालेख छापला, त्यात त्यांचे हिंदी मूळ काढून हिणविले होते. त्या लेखाविरुद्ध कुम शहरात जो क्षोभ उसळला, तेथूनच क्रांतीच्या वर्षाचा हिशेब धरतात. एखाद्याच्या आजोबाचे गाव काढणे हे राजकारणातले जुने हत्यार आहे; ते उलटून कसे लागते हे येथे दिसले.

त्याच वर्षी 19 ऑगस्ट रोजी अबादान येथील रेक्स चित्रगृहास आग लावण्यात आली आणि चारशेहून अधिक प्रेक्षक आत जळून मेले. क्रांतीच्या काळात शेकडो चित्रगृहे जाळली वा बंद केली गेली. तथापि 1979 च्या फेब्रुवारीत परतल्या दिवशीच खोमेनींनी, आपला विरोध चित्रपटास नसून अनाचारास आहे, असे जाहीर केले. आणि त्या एका वाक्याच्या सनदेवर पुढील सारा इराणी चित्रपट जगला. बंधने कडक होती: स्त्रीचे केस झाकलेले असावेत, मग ती घरात एकटी असो की झोपेत; परस्त्री-पुरुषाचा स्पर्श नसावा. त्यामुळे कॅमेरा घराबाहेर पडला, डोंगरातील नागमोडी वाटेवर गेला, मुलांच्या डोळ्यांतून पाहू लागला. अडचणीमुळे कला फुलते असले सिद्धान्त मांडण्याची मला मुळीच इच्छा नाही. अडचणीमुळे किती कला मेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

अब्बास किआरोस्तमी यांचा 1990 चा ‘क्लोज-अप’ हा मात्र मला या संग्रहाचा मध्यबिंदू वाटतो, आणि त्यावर मी सर्वांत दीर्घ लेख लिहिला आहे. तेहरानमधील एक दरिद्री इसम आपण दिग्दर्शक मखमलबाफ आहोत असे सांगून एका सधन कुटुंबात शिरतो, त्यांस चित्रपटात घेण्याचे आश्वासन देतो, आणि पकडला जातो. घटना खरी. किआरोस्तमी न्यायालयाची परवानगी काढून खटल्यात कॅमेरा नेतात. पुढे तो तोतया, ते कुटुंब आणि खरे मखमलबाफ, सर्वांस आपापलीच भूमिका पुन्हा करावयास लावतात. आपल्या इतिहासात सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचे प्रकरण घडले आहे. त्याची चौकशी करणाऱ्या कारभाऱ्यांस हा चित्रपट दाखविला असता तर ते काय म्हणाले असते याची कल्पना करून मी पुष्कळदा हसलो आहे. पण हसू पुरते टिकत नाही. न्यायालयात तो इसम सांगतो त्यातून एवढे कळते की दुसऱ्याचे नाव घेतल्यावर प्रथमच कोणी तरी त्याचे ऐकून घेतले. त्याच परंपरेतील जाफर पनाही यांस 2010 साली सहा वर्षांची शिक्षा व वीस वर्षे चित्रपट न काढण्याचा हुकूम झाला. तेव्हा त्यांनी घरात बसून जे चित्रण केले त्यास ‘हा चित्रपट नव्हे’ असे नाव दिले. हुकमाची तामिली अक्षरशः झाली! 2025 साली कान येथे त्यांच्या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

तुर्कस्तानविषयी येथे थोडक्यातच लिहितो, कारण पुढे स्वतंत्र लेख आहेत. 1938 साली अब्दुल वहाब यांचा इजिप्ती गीतपट इस्तंबुलात एवढा चालला की अरबी लिपीपासून नुकतीच फारकत घेतलेल्या सरकारास धास्ती वाटली. मग इजिप्ती चित्रपटांतील अरबी गाण्यांच्या जागी तुर्की गाणी घालण्यात आली, आणि बंदीच्या पोटी एक नवाच संगीतप्रकार जन्मास आला. आपला ‘आवारा’ही तेथे असाच रुजला व 1964 साली तुर्कीत पुन्हा निघाला. यिल्माझ गुने यांचा ‘योल’ मात्र रुजू दिला गेला नाही. गुने तुरुंगात, त्यांच्या लेखी सूचनांबरहुकूम शेरीफ ग्योरेन यांनी चित्रीकरण केले, 1981 मध्ये गुने निसटले व संकलन स्वित्झर्लंडमध्ये झाले, 1982 साली कानचे पारितोषिक विभागून मिळाले, आणि मायदेशी तो 1999 पर्यंत दिसला नाही. दिसला तेव्हाही पडद्यावर उमटणारा ‘कुर्दिस्तान’ हा एक शब्द त्यातून गाळलेला होता. सबंध चित्रपट सोसला, एक शब्द सोसवला नाही.

शब्दांविषयीची ही असहिष्णुता मराठी वाचकास परकी वाटू नये. इराणात 1935 साली अरबी शब्द वेचून काढण्यासाठी अकादमी स्थापन झाली, तुर्कस्तानने 1928 साली लिपीच बदलली, हिब्रू तर ग्रंथांतून उठवून बाजारात आणून उभी केली गेली. पण या सर्वांच्या अडीचशे वर्षे आधी शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी दरबारी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले होते. ‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’ हे शब्द आपणांस सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिले असे मानतात, आणि मी ते या पुस्तकात पानोपानी कृतज्ञतेने वापरले आहेत. तरीही फडणीस, चिटणीस आणि जमेनीस यांच्या शेपटातील फारसी कोणी उपटू शकले नाही. ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन्ही शब्द अरबीच आहेत, आणि त्यांवाचून मला ही प्रस्तावना लिहिता आली नसती.

इजिप्तच्या लैला मुराद यांच्यावरील लेख वाचकांनी इस्रायलवरील लेखांच्या आधी वाचावा अशी माझी विनंती आहे. यहुदी गायकाच्या पोटी जन्मलेली, 1946 च्या सुमारास इस्लाम स्वीकारलेली ही अभिनेत्री कैरोच्या बोलपटांचा प्राण होती. 1952 साली तिने इस्रायलला देणगी दिल्याची अफवा उठली, चौकशीत ती खोटी ठरली, पण काही वर्षांतच तिने पडद्याचा निरोप घेतला. इकडे इस्रायलमध्ये 1964 साली एफ्राइम किशोन यांचा ‘सल्लाह शबाती’ निघाला. पूर्वेकडील देशांतून आलेल्या अडाणी, ऐदी, फासे खेळणाऱ्या स्थलांतरिताचे ते विनोदी चित्र हंगेरीहून आलेल्या लेखकाने रेखाटले होते आणि युरोपीय यहुदी कुळातील टोपोल यांनी रंगविले होते. त्याच 1964 साली, कोकणच्या किनाऱ्यावरून गेलेले आपले बेने इस्रायल, ज्यांच्या विवाहांच्या बाबतीत तेथील धर्मपीठ त्यांच्या यहुदीपणाची साक्ष मागत होते, ते जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. आणि शेवटी तेथील लोकसभेस ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव करावा लागला. मुंबईच्या पडद्यावर डेव्हिड हे सर्वांचे लाडके चाचा होते, आणि त्यांचे चेऊलकर हे आडनाव पाहून कोणी त्यांस पुरावा मागितला नव्हता. इस्रायलमधील बेने इस्रायल आजही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढतात. त्यांच्याविषयी चित्रपट कोणी काढावा, कोणत्या भाषेत, आणि त्यातील आजीचे काम कोणी करावे, याचा विचार मी शेवटच्या लेखात केला आहे.

राहिली उच्चारांची बाब. इराणी नावे तेहरानात जशी उच्चारतात तशी लिहावीत की लखनौत जशी ऐकली तशी, याविषयी माझा निर्णय शेवटपर्यंत डळमळत राहिला. लखनौची फारसी ही हिंदुस्थानात पूर्वापार चालत आलेली जुनी फारसी. तिच्यात ‘ए’ आणि ‘ओ’चे जुने स्वर अजून शाबूत आहेत, जे तेहरानात केव्हाच बदलून गेले. चौकातील एक वृद्ध मौलवी, ज्यांच्याकडे मी दोन हिवाळे ही भाषा शिकलो, ते तर तेहरानच्या आकाशवाणीवरील बोलणे ऐकून ‘बिचारे विसरले’ एवढेच म्हणत आणि हुक्क्याची नळी पुन्हा तोंडास लावीत. मी अखेर त्यांचाच कल धरला आहे. इराणी वाचकाच्या हाती हे पुस्तक पडल्यास त्यास माझ्या अक्षरांतून वरणभाताचा वास येईल, आणि तो येणारच. मौलवीसाहेबांकडे शिकवणीस जाण्यापूर्वी मी रोज तेच जेवून जात असे.

लखनौ, मोहरम